महिन्याचा आकडा आणि जगाचे माप: अल्पकालीन आर्थिक सांख्यिकीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महागाई, औद्योगिक उत्पादन, बेरोजगारी, तिमाही विकासदर हे आकडे दर महिन्याला किंवा तिमाहीला वर्तमानपत्रांत येतात आणि त्यांच्यासोबत बहुधा दुसऱ्या एखाद्या देशाचा आकडाही छापला जातो. ही तुलना कशाच्या आधारावर होते, त्यासाठी कोणती आंतरराष्ट्रीय मानके आहेत आणि आपले भारतीय आकडे त्या मानकांशी कितपत जुळतात, याविषयी विद्यार्थी, पत्रकार आणि चौकस वाचक जे प्रश्न नेहमी विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत.

अल्पकालीन आर्थिक सांख्यिकी कशाला म्हणतात?

वर्षातून एकदा नव्हे, तर दर महिन्याला किंवा दर तिमाहीला प्रसिद्ध होणाऱ्या आणि अर्थव्यवस्थेची चालू अवस्था सांगणाऱ्या आकडेवारीला अल्पकालीन आर्थिक सांख्यिकी म्हणतात. औद्योगिक उत्पादन निर्देशांक, ग्राहक किंमत निर्देशांक, घाऊक किंवा उत्पादक किंमत निर्देशांक, किरकोळ विक्री, आयात-निर्यात, रोजगार आणि तिमाही सकल देशांतर्गत उत्पादन ही तिची प्रमुख अंगे होत. उद्योगांची वार्षिक पाहणी अधिक सखोल असते, पण तिचे निष्कर्ष हाती येईपर्यंत बराच काळ गेलेला असतो. मुंबईत रिझर्व्ह बँकेची पतधोरण समिती व्याजदर ठरवायला बसते, तेव्हा तिला गेल्या महिन्यात काय घडले हे हवे असते. म्हणून येथे तपशिलापेक्षा वेळेला अधिक किंमत दिली जाते, आणि वेळेसाठी अचूकतेची किती तडजोड करायची याचे नियम बांधून देणे हे मानकांचे एक मोठे काम आहे.

दोन देशांचे आकडे सरळ शेजारी ठेवले तर काय बिघडते?

आकडे बरोबर असूनही निष्कर्ष चुकतो. तिमाही विकासदराचेच उदाहरण घेऊ. भारतात या तिमाहीची तुलना गेल्या वर्षीच्या त्याच तिमाहीशी केली जाते. अमेरिकेत ती लगतच्या आधीच्या तिमाहीशी केली जाते आणि तोच वेग चार तिमाह्या टिकला तर वर्षाची वाढ किती होईल, हा दर मथळ्यात दिला जातो. म्हणजे अमेरिकेत एका तिमाहीत उत्पादन 1 टक्क्याने वाढले, तर जाहीर होणारा दर सुमारे 4.1 टक्के असतो. युरोपीय संघाची सांख्यिकी संस्था युरोस्टॅट आधीच्या तिमाहीशी केलेली साधी तुलना ठळकपणे देते, तिचे वार्षिकीकरण करत नाही. एकाच वास्तवाचे हे तीन आकडे एका तक्त्यात तळटीप न देता छापले, तर वाचकाची फसगत ठरलेलीच.

महागाईच्या बाबतीत घर हा मोठा गोंधळाचा विषय आहे. स्वतःच्या घरात राहणाऱ्या कुटुंबाला भाडे द्यावे लागत नाही, मग त्या निवाऱ्याची किंमत निर्देशांकात धरायची की नाही? अमेरिकेत असे घर भाड्याने घेतले असते तर किती भाडे पडले असते, याचा अंदाज करून ते धरतात आणि एकूण निर्देशांकात त्याचा भार, म्हणजे हिशेबातला वाटा, सुमारे एक चतुर्थांश असतो. युरोपच्या सुसंवादी, म्हणजे सर्व सदस्य देशांसाठी समान पद्धतीच्या, ग्राहक किंमत निर्देशांकात स्वतःच्या घराचा हा खर्च धरलेलाच नाही. भारताच्या 2012 आधारवर्षाच्या (ज्या वर्षाच्या आधारे भार ठरतात ते आधारवर्ष) मालिकेत शहरी निर्देशांकात निवाऱ्याला 21.67 टक्के भार होता, ग्रामीण निर्देशांकात मात्र तो गटच नव्हता, त्यामुळे एकत्रित निर्देशांकात तो 10.07 टक्के होई. हे तिन्ही निर्णय आपापल्या जागी समर्थनीय आहेत. मात्र ते वेगळे आहेत, ही गोष्ट आकड्यासोबतच वाचकापर्यंत पोहोचायला हवी, आणि माझ्या मते मानकांचे खरे मोल याच ठिकाणी आहे. सर्व देशांनी अगदी एकच पद्धत वापरावी अशी सक्ती शक्य नसते आणि ती इष्टही नाही. फरक कुठे आणि किती आहे, हे लपून राहू नये एवढी व्यवस्था मानके करतात.

ही मानके ठरवते कोण?

सर्वांत वरची संस्था म्हणजे संयुक्त राष्ट्रांचा सांख्यिकी आयोग. त्याचे पहिले अधिवेशन 1947 साली भरले. भारताचा या कामाशी संबंध सुरुवातीपासूनचा आहे, कारण संयुक्त राष्ट्रांच्या नमुना-पाहणीविषयक उपआयोगाचे अध्यक्षपद त्याच काळात भारतीय संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबीस यांच्याकडे होते. औद्योगिक वर्गीकरण, राष्ट्रीय लेखा पद्धती आणि औद्योगिक उत्पादन निर्देशांकाच्या शिफारशी या आयोगाच्या मान्यतेने निघतात. रोजगाराच्या व्याख्या आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या छत्राखाली भरणारी श्रम सांख्यिकीतज्ज्ञांची परिषद ठरवते. ग्राहक किंमत निर्देशांकाची मार्गदर्शक पुस्तिका अनेक संस्था मिळून काढतात. आकडे केव्हा आणि कोणत्या माहितीसह प्रसिद्ध व्हावेत, याचे निकष आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने घालून दिले आहेत. आर्थिक सहकार्य व विकास संघटना अनेक देशांच्या मासिक मालिका एकत्र मांडते आणि त्या तुलनायोग्य करण्यासाठीच्या मांडणीच्या पद्धती सुचवते.

ही मानके पाळणे बंधनकारक आहे का?

बहुतांशी नाही. युरोपीय संघात अल्पकालीन सांख्यिकीचा कायदा आहे, 1998 सालच्या विनियमाने सदस्य देशांवर ती देण्याचे बंधन घातले आणि पुढे 2019 च्या व्यापक विनियमात ते विषय समाविष्ट झाले. इतरत्र मात्र ही मानके शिफारशींच्या स्वरूपात असतात.

तरीही ती मोडण्याची किंमत मोजावी लागते. अर्जेंटिनाचे अधिकृत महागाईचे आकडे 2007 पासून बाजारातील अनुभवाशी जुळेनासे झाले होते. फेब्रुवारी 2013 मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने त्या देशाच्या किंमत निर्देशांकाच्या आणि सकल देशांतर्गत उत्पादनाच्या आकडेवारीवरून त्याच्याविरुद्ध निषेधाचा ठराव केला. आकडेवारीच्या कारणावरून असा ठराव प्रथमच झाला होता. तो मागे घेतला गेला तो नोव्हेंबर 2016 मध्ये, सांख्यिकी संस्थेची फेररचना आणि नवा निर्देशांक आल्यानंतर. मधल्या काळात त्या देशातील सामान्य माणसाला आपल्या पगाराची खरी किंमत किती उरली हे अधिकृत आकड्यावरून कळण्याची सोय राहिली नव्हती, आणि मला तरी तेच नुकसान सर्वांत मोठे वाटते.

औद्योगिक उत्पादन निर्देशांकाबाबत मानक काय सांगते आणि भारत कुठे आहे?

संयुक्त राष्ट्रांनी या निर्देशांकाची पहिली पद्धती 1950 साली दिली आणि सध्या लागू असलेल्या शिफारशी 2010 सालच्या आहेत. त्यांतील महत्त्वाचे मुद्दे पाहू.

पहिला मुद्दा व्याप्तीचा. शिफारशींनुसार निर्देशांकात खाणकाम, वस्तुनिर्माण, वीज व वायुपुरवठा आणि पाणीपुरवठा, सांडपाणी व कचरा व्यवस्थापन ही चारही क्षेत्रे यावीत. भारताच्या 2011-12 आधारवर्षाच्या मालिकेत तीनच क्षेत्रे होती: खाणकामाला 14.373, वस्तुनिर्माणाला 77.633 आणि विजेला 7.994 टक्के भार. पाणी व कचरा व्यवस्थापन त्यात नव्हते. म्हणून चारही क्षेत्रे धरणाऱ्या देशाशी भारताचा एकूण निर्देशांक पडताळण्यापेक्षा वस्तुनिर्माणाचा उपनिर्देशांक पडताळणे अधिक न्याय्य ठरते. त्यालाही वर्गीकरण एकच असावे लागते, आणि तेथे अडचण नाही, कारण भारताचे 2008 चे राष्ट्रीय औद्योगिक वर्गीकरण आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या चौथ्या आवृत्तीवरच बेतलेले आहे.

दुसरा मुद्दा मोजमापाचा. उत्पादन नगांत, टनांत, मीटरांत मोजावे की विक्रीची किंमत घेऊन तिच्यातून भाववाढ वजा करावी? सिमेंट, साखर, वीज यांना वजन किंवा युनिट पुरते. यंत्रसामग्रीचे तसे नाही. एक साधी लेथ आणि एक संगणकनियंत्रित यंत्र यांना प्रत्येकी एक नग मानले, तर उत्पादनाचा अर्थच हरवतो. म्हणून अनेक उद्योगांसाठी मूल्य घेऊन त्याला योग्य उत्पादक किंमत निर्देशांकाने भागण्याची पद्धत शिफारशींत श्रेयस्कर मानली आहे. भारतात दोन्ही पद्धती मिश्र आहेत आणि मूल्यात मिळणाऱ्या बाबींची भाववाढ काढण्यासाठी घाऊक किंमत निर्देशांक वापरला गेला आहे. ही जुळणी पूर्णपणे समाधानकारक नाही, कारण घाऊक किंमत आणि कारखान्याच्या दारातली उत्पादकाला मिळालेली किंमत या वेगळ्या गोष्टी आहेत.

तिसरा मुद्दा भारांचा. शिफारशी सांगतात की उद्योगगटांचे भार दरवर्षी अद्ययावत करावेत आणि नव्या भारांची मालिका आधीच्या मालिकेला साखळीसारखी जोडत जावी, तर वस्तूंचे भार निदान दर पाच वर्षांनी तरी बदलावेत. भारतात 2004-05 नंतरचे आधारवर्ष 2011-12 आले आणि ती मालिका प्रत्यक्ष प्रसिद्ध झाली मे 2017 मध्ये. येथे आपण मानकापासून बरेच दूर राहिलो, हे स्पष्टपणे म्हटले पाहिजे.

आधारवर्ष बदलल्याने एवढा काय फरक पडतो?

बराच पडतो. 2016-17 या वर्षाची औद्योगिक वाढ जुन्या मालिकेत 0.7 टक्के दिसत होती. त्याच वर्षाची वाढ नवी मालिका जाहीर झाली तेव्हा 5.0 टक्के दिसली. कारखाने तेच, कामगार तेच आणि वर्षही तेच होते. बदलले होते ते मोजायच्या वस्तूंची यादी, माहिती देणाऱ्या कारखान्यांचा संच आणि भार. नव्या यादीतून रंगीत दूरचित्रवाणीची पिक्चर ट्यूब, कॅल्क्युलेटर आणि गुटखा या बाबी वगळल्या गेल्या. ज्या वस्तूंचे उत्पादन संपत आले आहे त्या यादीत राहिल्या की निर्देशांक खाली ओढला जातो, आणि जे नवे उद्योग उभे राहिले त्यांची दखल मात्र घेतली जात नाही. त्यामुळे ज्या देशाने गेल्याच वर्षी भार बदलले त्याच्याशी दहा वर्षांपूर्वीचे भार वापरणाऱ्या देशाची तुलना करताना दोन्हींची आधारवर्षे आधी पाहावीत.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. निर्देशांक 2015 = 100 असा मांडणे म्हणजे आधारवर्ष बदलणे नव्हे. संदर्भवर्ष बदलणे हा निव्वळ भागाकार आहे आणि आंतरराष्ट्रीय संस्था तुलनेच्या सोयीसाठी तो नेहमीच करतात. त्याने वाढीचे दर बदलत नाहीत. भार बदलले की बदलतात.

एखाद्या वस्तूची चुकीची नोंद संपूर्ण देशाचा आकडा बदलू शकते का?

होय, आणि ते घडलेले आहे. जानेवारी 2012 ची औद्योगिक वाढ प्रथम 6.8 टक्के जाहीर झाली. महिनाभराने ती 1.1 टक्क्याच्या आसपास आणावी लागली. कारण होते साखर. त्या महिन्याचे साखर उत्पादन सुमारे 134 लाख टन धरले गेले होते, प्रत्यक्षात ते सुमारे 58 लाख टन होते.

महाराष्ट्राच्या ऊसपट्ट्यातील वाचकाला या आकड्याची असंभवनीयता लगेच जाणवेल. जानेवारी म्हणजे गळिताचा ऐन भर, बॉयलर पेटलेले, गव्हाणीवर रात्रंदिवस ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या आणि बैलगाड्यांच्या रांगा, पण तरीही एका महिन्यात देशाने एवढी साखर काढणे शक्य नव्हते. साखर कारखान्याच्या कार्यालयात उत्पादनाचे तक्ते भरले जातात तेव्हा रोजचे, महिन्याचे आणि हंगामाच्या सुरुवातीपासूनचे असे आकडे शेजारशेजारच्या रकान्यांत असतात. अशा तक्त्यांत कोणताही आकडा स्वीकारण्यापूर्वी तो गेल्या महिन्याच्या आणि गेल्या हंगामाच्या त्याच महिन्याच्या आकड्याशी पडताळून पाहणे हा सांख्यिकीतला अगदी साधा नियम आहे. गुणवत्ता-तपासणीच्या आंतरराष्ट्रीय चौकटी तोच नियम अधिक पद्धतशीर भाषेत सांगतात: स्रोताकडून आलेली माहिती पडताळा, विसंगती स्रोताकडे परत पाठवा, आणि चूक झालीच तर ती उघडपणे जाहीर करा. चुकीची जाहीर कबुली झाली, ही त्या प्रकरणातली चांगली बाजू मला वाटते.

2011-12 च्या मालिकेसाठी माहिती 14 स्रोत यंत्रणांकडून गोळा होत असे. एवढ्या ठिकाणांहून दर महिन्याला ठरलेल्या दिवशी माहिती यायची, तर पहिल्या आकड्याच्या वेळी काही प्रतिसाद राहून जाणार हे उघड आहे.

मग आकडे सुधारले जातात ते याच कारणाने का?

मुख्यतः होय. पहिला आकडा हा त्वरित अंदाज असतो. राहिलेल्या कारखान्यांची माहिती आली की तो सुधारला जातो. याखेरीज आधारवर्ष किंवा पद्धत बदलल्यानेही मागचे आकडे बदलतात. मानकांचा आग्रह आकडा बदलू नये असा नाही, तर तो केव्हा, किती वेळा आणि कशामुळे बदलेल याचे धोरण आधीच जाहीर असावे, असा आहे. एखाद्या देशाचा पहिला आकडा 15 दिवसांत येतो आणि नंतर वरचेवर बदलतो, दुसऱ्याचा 45 दिवसांनी येतो आणि टिकतो. यांपैकी कोणता चांगला, याचे उत्तर तो वापरणाऱ्याच्या गरजेवर अवलंबून आहे.

हंगामी समायोजन म्हणजे काय आणि दिवाळीचा त्याच्याशी काय संबंध?

दर वर्षी त्याच सुमारास येणारे चढउतार मालिकेतून वेगळे काढण्याच्या प्रक्रियेला हंगामी समायोजन म्हणतात. साखरेचे उत्पादन पावसाळ्यात जवळजवळ थांबते आणि दिवाळीच्या आगेमागे गाळप सुरू झाले की एकदम चढते. ऑगस्टची तुलना सरळ जानेवारीशी केली, तर ऑगस्टमध्ये साखर उद्योग बुडाला असेच म्हणावे लागेल. समायोजन केले की हंगामाचा परिणाम बाजूला होतो आणि उरतो तो खरा कल. जगभर यासाठी प्रामुख्याने अमेरिकेच्या जनगणना कार्यालयाची एक्स-13 अरिमा-सीट्स ही पद्धती आणि बेल्जियमच्या मध्यवर्ती बँकेत विकसित झालेली जेडिमेट्रा प्लस ही प्रणाली वापरली जाते.

भारतासाठी खरी अडचण सणांची आहे. आपले बहुतेक मोठे सण चांद्रसौर पंचांगाने येतात, त्यामुळे इंग्रजी महिन्यांत ते मागेपुढे सरकतात. 2022 साली लक्ष्मीपूजन 24 ऑक्टोबरला होते, 2023 साली 12 नोव्हेंबरला. म्हणजे कारखान्यांच्या सुट्ट्या आणि त्याआधीची उत्पादनाची लगबग एका वर्षी ऑक्टोबरमध्ये धरली गेली, तर दुसऱ्या वर्षी तिचा मोठा भाग नोव्हेंबरमध्ये गेला. अशा वेळी ऑक्टोबरची गेल्या ऑक्टोबरशी केलेली तुलना तेजी दाखवते आणि नोव्हेंबरची तुलना घसरण दाखवते, आणि दोन्ही खरे नसतात. पाश्चात्त्य देशांत ईस्टर असाच सरकता सण असल्याने त्याच्यासाठीची सोय मूळ प्रणालींतच आहे. दिवाळीसाठी ती वेगळी करून द्यावी लागते. ज्या वर्षी अधिक मास येतो, त्या वर्षी बहुधा गणेशोत्सव आणि दिवाळी दोन्ही पुढे ढकलले जातात, हे पंचांग न पाहणाऱ्या परदेशी विश्लेषकाला कळणे कठीण आहे. म्हणूनच आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे सांगतात की समायोजन शक्यतो त्या त्या देशाच्या सांख्यिकी संस्थेनेच करावे, कारण स्थानिक दिनदर्शिका तिलाच ठाऊक असते. भारतात मासिक प्रसिद्धीपत्रकात आजवर मुख्य भर असमायोजित आकड्यावर आणि वार्षिक तुलनेवर राहिला आहे. समायोजित मालिका तितक्याच ठळकपणे दिल्या गेल्या, तर सणांच्या महिन्यांत होणारी उलटसुलट मथळ्यांची घाई बरीच कमी होईल.

कामाचे दिवसही यातच येतात. फेब्रुवारी 29 दिवसांचा असला की वीजनिर्मिती 28 दिवसांच्या फेब्रुवारीपेक्षा केवळ दिवसामुळे साडेतीन टक्क्यांच्या आसपास अधिक दिसते.

वार्षिक तुलना केली की हंगामाचा प्रश्न सुटत नाही का?

अंशतः सुटतो, पण दुसरा प्रश्न उभा राहतो. एप्रिल 2021 चा औद्योगिक निर्देशांक पहिल्या अंदाजात 126.6 होता. एप्रिल 2020 मध्ये देशभर टाळेबंदी असताना तो 54.0 होता. या दोहोंची तुलना केली की वाढ 134 टक्के निघते. मात्र एप्रिल 2019 मध्येच निर्देशांक 126.5 होता, म्हणजे दोन वर्षांत उत्पादन जागचे हललेले नव्हते. याला पायाभूत परिणाम म्हणतात. अशा काळात निर्देशांकाची पातळी पाहावी, टक्केवारी नव्हे.

टाळेबंदीत दुकानेच बंद होती, तेव्हा किमती कशा मोजल्या?

एप्रिल आणि मे 2020 मध्ये अनेक ठिकाणी किमती गोळा करता आल्या नाहीत. आंतरराष्ट्रीय संस्थांनी त्या वेळी तातडीने मार्गदर्शक टिपणे काढली. न मिळालेली किंमत आधीच्या महिन्याइतकीच आहे असे मानू नये, तर त्याच गटातील ज्या वस्तूंच्या किमती मिळाल्या त्यांच्या बदलावरून तिचा अंदाज करावा, हा त्यांतील मध्यवर्ती नियम होता. भारतानेही त्या दोन महिन्यांचे निर्देशांक असे अंदाजित करून दिले आणि ते तसे आहेत हे नमूद केले.

ग्राहक किंमत निर्देशांकात सरासरी कशी काढतात, हा एवढा वादाचा विषय का आहे?

मंडईतल्या दोन गाळ्यांचे उदाहरण घेऊ. 2012 च्या मालिकेसाठी देशभरात 1114 शहरी बाजार आणि 1181 गावे ठरवलेली होती, आणि क्षेत्रीय कर्मचारी ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या दुकानात, ठरलेल्या प्रतीच्या वस्तूचा भाव विचारतो. समजा एका गाळ्यावर टोमॅटो गेल्या महिन्यात 20 रुपये किलो होता, आता 40 आहे. शेजारच्या गाळ्यावर तो 40 होता, आता 20 आहे. पहिल्याचे गुणोत्तर 2, दुसऱ्याचे 0.5. यांची साधी सरासरी 1.25 येते, म्हणजे महागाई 25 टक्के. प्रत्यक्षात दोन गाळ्यांनी भावांची अदलाबदल केली आहे, मंडईतला टोमॅटो महागलेला नाही. गुणोत्तरांची भूमितीय सरासरी काढली तर 1 येते, म्हणजे बदल शून्य. साध्या सरासरीच्या सूत्राला कार्ली यांचे आणि भूमितीय सरासरीच्या सूत्राला जेव्हन्स यांचे नाव आहे. आंतरराष्ट्रीय पुस्तिका कार्ली सूत्राविषयी सावध करते, आणि भारताने 2012 च्या मालिकेत सर्वांत खालच्या पातळीवर जेव्हन्स सूत्र स्वीकारले. एखादा देश अजून कार्ली सूत्र वापरत असेल, तर त्याची महागाई केवळ सूत्रामुळे काहीशी अधिक दिसेल.

दुसरा फरक भारांचा आहे आणि तो घालवण्याजोगा नाही. 2012 च्या भारतीय मालिकेत खाद्यपदार्थ व पेये यांचा भार 45.86 टक्के होता, अमेरिकेत खाद्यपदार्थांचा भार साधारण सातवा हिस्सा असतो. कांद्याचा भाव चढला की आपला निर्देशांक चढतो तो यामुळे. हा दोष म्हणता येणार नाही, कारण आपल्या कुटुंबांचा खर्च खरोखरच तसा होतो.

किंमत निर्देशांकाची अचूकता सामान्य माणसाच्या हिताची आहे, हे महाराष्ट्रात कधी दिसले आहे का?

मुंबईत ते ठळकपणे दिसले आहे. गिरण्यांतील महागाई भत्ता राहणीमान खर्चाच्या निर्देशांकाशी जोडलेला असल्याने निर्देशांकाचा एकेक अंक म्हणजे कामगाराच्या पाकिटातले पैसे होते. निर्देशांक प्रत्यक्ष महागाईपेक्षा कमी दाखवतो, अशी कामगारांची तक्रार होती. मुंबईच्या निर्देशांकाची तपासणी करण्यासाठी 1963 साली अर्थतज्ज्ञ डी. टी. लकडावाला यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञ समिती नेमण्यात आली. जुनी मालिका नव्या मालिकेला कोणत्या गुणकाने जोडायची, हा सांख्यिकीच्या पुस्तकातला रूक्ष वाटणारा प्रश्न तेव्हा चाळीचाळींत चर्चिला गेला असणार, कारण घरभाडे आणि किराणा त्यावर अवलंबून होते. मालिका जोडण्याच्या पद्धती उघड असाव्यात, हा आजच्या मानकांतला आग्रह मुंबईकराला म्हणूनच परका वाटू नये.

बेरोजगारीचे आकडे तुलनायोग्य आहेत का?

व्याख्या पाहिली तरच. आंतरराष्ट्रीय व्याख्येनुसार संदर्भ आठवड्यात एक तास जरी काम केले तरी व्यक्ती रोजगारात धरली जाते. भारताच्या नियतकालिक श्रमबल पाहणीतील चालू साप्ताहिक स्थिती हा आकडा त्या व्याख्येच्या जवळ जातो. वर्षभराच्या नेहमीच्या स्थितीचा आकडा वेगळ्या प्रश्नाचे उत्तर देतो आणि तो बहुधा कमी असतो. परदेशी दराशी पडताळायचा असेल तर साप्ताहिक स्थितीचाच घ्यावा. ही पाहणी एप्रिल 2017 मध्ये सुरू झाली आणि मे 2025 पासून तिचे मासिक आकडे येऊ लागले.

आकडे ठरलेल्या तारखेलाच का येतात?

1994-95 मधील मेक्सिकोच्या आर्थिक संकटात गुंतवणूकदारांना वेळेवर माहिती मिळाली नव्हती. त्या धड्यातून आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने 1996 साली विशेष माहिती-प्रसार मानक सुरू केले. भारत त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्यात सहभागी झाला. या मानकात प्रत्येक आकड्याची वारंवारता आणि कमाल विलंब ठरलेला आहे: औद्योगिक उत्पादन निर्देशांक दरमहा, सहा आठवड्यांच्या आत, ग्राहक किंमत निर्देशांक दरमहा, एका महिन्याच्या आत, सकल देशांतर्गत उत्पादन दर तिमाहीला, पुढील तिमाहीच्या आत. शिवाय प्रसिद्धीच्या तारखांचे वेळापत्रक आधी जाहीर करावे लागते आणि आकडा सर्वांना एकाच क्षणी मिळावा लागतो. भारताचा ग्राहक किंमत निर्देशांक पुढच्या महिन्याच्या 12 तारखेला येतो. औद्योगिक निर्देशांक पूर्वी सहा आठवड्यांनी येई, एप्रिल 2025 पासून तो 28 तारखेला येऊ लागला. वेळेच्या कसोटीवर आपली कामगिरी मानकापेक्षा चांगली आहे, याचा उल्लेख भारांच्या बाबतीतल्या दिरंगाईबरोबरच करायला हवा.

एसडीएमएक्स हे नाव वारंवार दिसते, ते काय आहे?

सांख्यिकी माहितीची संगणकांमधील देवाणघेवाण एकाच रचनेत व्हावी, यासाठी सात आंतरराष्ट्रीय संस्थांनी मिळून केलेले ते तांत्रिक मानक आहे. 2013 पासून ते आंतरराष्ट्रीय मानक संघटनेचेही मानक आहे. मालिका कोणत्या देशाची, कोणत्या एककात, समायोजित की असमायोजित, हे सर्व सांकेतिक क्रमांकांनी त्यात आकड्यासोबतच जाते.

प्रसिद्धीपत्रक हाती आल्यावर आधी काय पाहावे?

मथळ्यातील टक्केवारी सोडून थेट टिपांकडे जावे. आकडा त्वरित अंदाज आहे की अंतिम, प्रतिसादाचे प्रमाण किती, तुलना कोणत्या काळाशी केली आहे, आधारवर्ष कोणते, मागील महिन्याचा आकडा सुधारला असेल तर कोणत्या दिशेने, हे तेथे असते. मग उपगट पाहावेत. 2004-05 च्या मालिकेत 2015-16 च्या सुमारास रबरी वेष्टनाच्या केबल या एकाच बाबीच्या उत्पादनातील झोक्यांमुळे भांडवली वस्तूंचा, म्हणजे यंत्रसामग्रीसारख्या उत्पादनासाठी लागणाऱ्या वस्तूंचा, संपूर्ण गट वरखाली होत असे, आणि मथळ्यांत मात्र गुंतवणूक कोसळल्याचे छापून येई. प्रसिद्धीपत्रकाच्या शेवटच्या पानांवर ज्या बाबींनी निर्देशांक सर्वाधिक वर किंवा खाली नेला त्यांची यादी असते. केबल त्या यादीत स्पष्ट दिसत होती.